पांढरा बॅकग्राउंड फोटोत राखाडी का येतो? पोर्ट्रेट लाइटिंग सोप्या भाषेत

मागच्या दिवाळीत आजीचा एक छान पोर्ट्रेट काढायचं ठरवलं. मागे पांढरी चादर, समोर एक एलईडी पॅनल. फोटो पाहिला तर चादर चक्क राखाडी! मग मागच्या भिंतीवर दोन लाइट फुल केले, तर आजीचे पांढरे केसच गायब. तिला जास्त वेळ बसवत नाही, त्यामुळे तिसऱ्यांदा चुकून चालणार नव्हतं. म्हणून आधी कारण शोधलं.

राखाडी का?

लाइटपासून अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. आजी लाइटपासून १ मीटरवर आणि चादर ३ मीटरवर होती. म्हणजे चादरीवर जवळपास तीन स्टॉप कमी प्रकाश. त्यात ऑटो मोडमधला कॅमेरा पांढऱ्या दृश्यालाही मध्यम राखाडीकडे खेचतो.

केस का गेले?

डिजिटल फोटोत (८ बिट जेपेगमध्ये) पिक्सेलची कमाल किंमत २५५. केस आणि चादर दोन्ही २५५ ला टेकले की त्यांच्यात फरकच उरत नाही. शिवाय जास्त उजळलेली चादर स्वतःच मोठा लाइट बनते, तिचा प्रकाश केसांच्या कडांवर आणि लेन्समध्ये शिरतो.

मग करायचं काय?

१. माणसाला बॅकग्राउंडपासून दीड-दोन मीटर पुढे बसवा.

२. बॅकग्राउंडसाठी दोन वेगळे लाइट, दोन्ही बाजूंना. डावा लाइट चादरीच्या उजव्या भागाकडे, उजवा डाव्या भागाकडे वळवा. उजेड एकसारखा पसरतो.

३. या लाइटचा उजेड थेट माणसावर पडू नये म्हणून मध्ये काळा कार्डबोर्ड उभा करा. त्याच काळ्या बाजूमुळे पांढऱ्या केसांना हलकी गडद कडाही मिळते.

४. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. मी आयएसओ ४००, एफ/४ आणि १/१०० पासून सुरुवात केली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडीत १/१०० किंवा १/५० ला पट्टे येण्याची शक्यता कमी.

५. समोरचा लाइट बंद ठेवून एक फोटो काढा. चादर पांढरी आणि माणूस काळी आकृती दिसला पाहिजे. चेहऱ्याच्या कडा चमकत असतील तर मागचे लाइट कमी करा.

६. आता समोरचा लाइट लावा. कॅमेऱ्याचं सेटिंग न बदलता, लाइट पुढे-मागे करून चेहरा नीट उजळा.

सगळ्या लाइटचा रंग सारखाच हवा, नाहीतर चादर पिवळी किंवा निळी दिसेल.

मी चादर मुद्दाम २५५ पर्यंत नेली नाही, २४० च्या आसपास ठेवली. पुढच्या वेळी आजी बसली ती जेमतेम दहा मिनिटं. पण फोटोत तिच्या केसांची एक-एक बट वेगळी दिसते. तोच फोटो आता हॉलमध्ये लावलाय.

तुमच्या घरीही कुणाचा फोटो काढायचा राहिला असेल, तर आधी रिकाम्या खुर्चीवर उशी ठेवून लाइट जमवा आणि मगच त्यांना बोलवा.