संशोधन-अधिछात्रवृत्त्या व अनुदाने

संशोधन-अधिछात्रवृत्त्या व अनुदाने : विद्यापीठांतील संशोधक, अध्यापक व स्वतंत्र अभ्यासक यांना संशोधनकार्यासाठी शासन, विद्यापीठे, खाजगी न्यास वा आंतरराष्ट्रीय संस्था यांच्याकडून मिळणारे व सामान्यतः परतफेडीची अट नसलेले अर्थसाहाय्य. अधिछात्रवृत्ती ही व्यक्तीला दिली जाते आणि ठरावीक काळ संशोधकाचा उदरनिर्वाह चालवून त्याला पूर्णवेळ संशोधन करता यावे, हा तिचा हेतू असतो. अनुदान हे प्रकल्पाला दिले जाते. ते बहुधा संशोधकाच्या संस्थेकडे जमा होते आणि त्यातून उपकरणे, साहाय्यकांचे वेतन, क्षेत्रीय पाहणी इत्यादींचा खर्च भागविला जातो. याशिवाय परिषदांसाठी प्रवास, ग्रंथालयांना वा अभिलेखागारांना भेटी, प्रबंधाचे प्रकाशन अशा मर्यादित कारणांसाठीही लहान रकमा उपलब्ध असतात. आपल्याला यांपैकी नेमके कोणते साहाय्य हवे, हे ठरविणे ही शोधाची पहिली पायरी होय. हा भेद लक्षात न घेता केलेले अनेक अर्ज गुणवत्तेचा विचार होण्यापूर्वीच बाद होतात.

ऐतिहासिक आढावा : विद्वानांना आश्रय देण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. महाराष्ट्रात सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली व पुढे पेशव्यांनी चालविलेली श्रावणमासातील दक्षिणा हे तिचे एक ठळक उदाहरण होय. पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने दक्षिणेचा निधी पूर्णपणे बंद न करता त्याचा काही भाग विद्येकडे वळविला आणि त्यातून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. धार्मिक दानाचे अध्ययनवृत्तीत झालेले हे रूपांतर आधुनिक अधिछात्रवृत्तीचा महाराष्ट्रातील आरंभ मानता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी देणग्यांतून अशा वृत्ती निर्माण झाल्या. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून त्यांच्या नावाची अध्ययनवृत्ती सुरू झाली. पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून ख्याती पावलेले यदुनाथ सरकार हे तिचे एक मानकरी होत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशातील उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. तो मात्र कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या स्वरूपाचा आहे. इंग्लंडमध्ये १८५१ च्या प्रदर्शनाच्या शिल्लक निधीतून १८९१ पासून विज्ञानसंशोधनासाठी वृत्ती देण्यात येऊ लागल्या. न्यूझीलंडमधील अर्नेस्ट रदरफर्ड हे अशाच वृत्तीवर १८९५ मध्ये केंब्रिजला आले. अमेरिकेत रॉकफेलर प्रतिष्ठान (१९१३) व गुगेनहाइम प्रतिष्ठान (१९२५) यांनी खाजगी संपत्तीतून संशोधनास साहाय्य करण्याची पद्धत रूढ केली, तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन होऊन तेथील विद्यापीठीय संशोधनात शासकीय अनुदानाला मोठे स्थान प्राप्त झाले.

अर्थसाहाय्याच्या सातत्याचे महत्त्व डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेवरून स्पष्ट होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली; तिच्याबरोबर संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याची अट होती. या वृत्तीवर त्यांनी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले व १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून शिल्लक टाकलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध असा खंडित काळातून पूर्ण झाला. विद्वत्ता तीच असतानाही केवळ वृत्ती संपल्याने तीन वर्षांचा खंड पडला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. साधनहीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने वृत्तीच्या रकमेइतकीच तिची मुदतही निर्णायक ठरते.

भारतातील प्रमुख संस्था : वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली. वैद्यकीय क्षेत्रात १९११ च्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा मिळाला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये अस्तित्वात आली; अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले अध्यक्ष व शिक्षणतज्ञ जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव होते. इतिहास (१९७२) व तत्त्वज्ञान (१९७७) या विषयांसाठीही अशाच परिषदा स्थापन झाल्या. सिमला येथील भारतीय उच्च अध्ययन संस्था निवासी अधिछात्रवृत्त्या देते.

संशोधनाच्या आरंभी विद्यार्थ्याला सर्वाधिक उपयोगी पडणारी वृत्ती म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती होय. तिच्यासाठी १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेतली जाते. डिसेंबर २०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या परीक्षेचे संचालन राष्ट्रीय परीक्षा अभिकरणाकडे आहे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ व समाधानकारक प्रगती आढळल्यास पुढील काळात ज्येष्ठ अधिछात्र म्हणून वृत्ती मिळते. एकूण मुदत पाच वर्षांपर्यंत असते. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर दरमहा अनुक्रमे ३७,००० व ४२,००० रु. करण्यात आला. घरभाडे व आकस्मिक खर्च यांसाठी वेगळी तरतूद असते. परीक्षा उत्तीर्ण होणे व वृत्ती प्रत्यक्ष सुरू होणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये पीएच्‌.डी.साठी प्रवेश, मार्गदर्शकाची मान्यता व रुजू अहवाल हे टप्पे येतात आणि ते ठरावीक मुदतीत पुरे करावे लागतात.

प्रकल्प-अनुदानाच्या क्षेत्रात २००८ च्या अधिनियमाने निर्माण झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ दीर्घकाळ महत्त्वाचे होते. २०२३ च्या अधिनियमानुसार ते अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन करण्यात आले. २०२३–२८ या काळासाठी या प्रतिष्ठानाचा अपेक्षित खर्च ५०,००० कोटी रु. असून त्याचा मोठा भाग शासनेतर स्रोतांतून उभारावयाचा आहे.

महाराष्ट्रात सामाजिक न्यायाच्या दृष्टीने स्थापन झालेल्या संस्थांमार्फतही पीएच्‌.डी.च्या विद्यार्थ्यांना वृत्ती दिल्या जातात. पुण्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था (बार्टी) अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, पुण्यातीलच छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी) मराठा, कुणबी व तत्सम समाजगटांसाठी आणि नागपूर येथील महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था (महाज्योती) इतर मागास वर्ग, भटक्या व विमुक्त जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी कार्य करते. योजनांचे स्वरूप कायम राहील, असे मात्र गृहीत धरता येत नाही. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००९ मध्ये सुरू झाली व २०२२ मध्ये केंद्र शासनाने ती बंद केली. म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता चालू वर्षाची अधिसूचना पाहणे आवश्यक असते.

परदेशी साहाय्य : भारत व अमेरिका यांच्यातील १९५० च्या करारानुसार सुरू झालेल्या फुलब्राइट योजनेस २००८ पासून फुलब्राइट–नेहरू असे नाव आहे. तिच्यातील एक वृत्ती भारतात पीएच्‌.डी. करणाऱ्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत संशोधन करण्याची संधी देते. १९५९ मध्ये आरंभ झालेली राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजना, जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा आणि १९५३ मध्ये पुनःस्थापित झालेले अलेक्झांडर फोन हंबोल्ट प्रतिष्ठान ही अन्य प्रमुख साधने होत. हंबोल्ट वृत्तीसाठी जर्मनीतील यजमान प्राध्यापकाची संमती आधी मिळवावी लागते. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट (१९८१) ब्रिटनमधील अल्पकालीन संशोधनभेटींना साहाय्य करतो. परदेशी अर्जांच्या मुदती बहुधा प्रत्यक्ष प्रस्थानाच्या वर्षभर आधी संपतात. यजमानाशी पत्रव्यवहार, भाषेची परीक्षा व शिफारसपत्रे यांचा काळ धरता तयारीस दीड ते दोन वर्षे आधी आरंभ करणे इष्ट ठरते.

शोधाची पद्धती : निधींची माहिती एकाच ठिकाणी क्वचितच मिळते. विद्यापीठाचा संशोधन विभाग, परिषदांच्या अधिसूचना, भारतीय विद्यापीठ संघाचे ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ हे नियतकालिक आणि ‘द ग्रँट्स रजिस्टर’ यासारख्या आंतरराष्ट्रीय निर्देशिका ही तिची रूढ साधने आहेत. आपल्या विषयातील अलीकडच्या ग्रंथांची व शोधनिबंधांची ऋणनिर्देशाची पाने हे याहून दुर्लक्षित, परंतु अत्यंत विश्वसनीय साधन होय. तत्सम विषयाला यापूर्वी कोणी साहाय्य केले, हे त्यांवरून कळते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा संग्रह पाहिल्यास नियोजित विषयावर पूर्वी झालेले काम समजते व पुनरावृत्ती टळते.

मिळालेल्या माहितीचा एक तक्ता करून त्यात देणाऱ्या संस्थेचा हेतू, पात्रता, वयोमर्यादा, रक्कम, मुदत, अर्जाची अंतिम तारीख व निकालाचा अपेक्षित काळ नोंदवावा. पात्रतेच्या एका अटीतही न बसणाऱ्या योजना प्रथमच वगळाव्यात. अनेक ठिकाणी अर्ज करण्यास सामान्यतः प्रत्यवाय नसतो. तथापि दोन पूर्णवेळ वृत्ती एकाच वेळी घेण्यास बहुतेक संस्थांची मनाई असते. नोकरीत असलेल्या अध्यापकास रजेची व संस्थेच्या संमतिपत्राची व्यवस्था आधीच करावी लागते.

प्रस्ताव व परीक्षण : प्रस्तावात संशोधनाचा प्रश्न, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, पद्धती, कालक्रम व अंदाजपत्रक हे भाग असतात. खर्चाची प्रत्येक बाब पद्धतीतून उद्‌भवलेली असावी. उदा., पेशवेकालीन जमीनमहसुलाचा अभ्यास योजणाऱ्या संशोधकाने पुणे पुरालेखागारातील कामाचे दिवस, पहावयाच्या रुमालांची संख्या, मोडी लिप्यंतरकाराचे मानधन व निवासखर्च ही सर्व एकमेकांशी जुळतील अशी मांडली पाहिजेत. ‘प्रवास व संकीर्ण’ अशी ढोबळ रक्कम परीक्षकाच्या मनात शंका उत्पन्न करते. गरजेपेक्षा कमी रक्कम मागणेही हितावह नसते. त्यातून कार्य अपुऱ्या तयारीने योजल्याचे सूचित होते.

प्रस्तावाची छाननी सामान्यतः त्या विषयातील तज्ञ करतात. परंतु अंतिम निवडसमितीत अन्य विषयांचे अभ्यासकही असतात. म्हणून विषयाबाहेरच्या सुशिक्षित वाचकाला प्रश्नाचे महत्त्व कळेल, अशी मांडणी आवश्यक असते. भौतिकीविज्ञ होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा न्यासाला पाठविलेले पत्र या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मूलभूत संशोधनाची एक संस्था भारतात का हवी, हे त्यांनी वैज्ञानिकांना नव्हे, तर न्यासाच्या विश्वस्तांना पटवून दिले. त्यातूनच १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना झाली. अर्ज नाकारला गेल्यास परीक्षकांचे अभिप्राय मागवून सुधारित प्रस्ताव पुन्हा सादर करता येतो. अनेक प्रकल्प अशा दुसऱ्या वा तिसऱ्या प्रयत्नात मंजूर होतात.

अटी व हिशेब : अनुदान बहुधा हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याच्या खर्चाचा तपशील, लेखापरीक्षित हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र व प्रगती अहवाल सादर झाल्यावरच पुढील हप्ता दिला जातो. मंजूर शीर्षकांपैकी एकाची रक्कम दुसऱ्याकडे वळविण्यास पूर्वपरवानगी लागते. मानवी व्यक्तींवरील संशोधनास नीतिसमितीची संमती आवश्यक असते. कागदपत्रांतील विलंबामुळे हप्ता अडून राहिल्यास त्याची झळ मुख्यतः प्रकल्पातील साहाय्यकांना बसते. म्हणून पहिल्या दिवसापासून पावत्या व नोंदी व्यवस्थित ठेवणे हा संशोधनपद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

समीक्षा : भारतात संशोधन व विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०·६४ टक्का होता. मर्यादित निधीमुळे स्पर्धा तीव्र राहते आणि पात्र असूनही अनेकांना साहाय्य मिळत नाही. ज्या विषयांचे तात्कालिक उपयोग दिसतात त्यांना झुकते माप मिळते, तसेच महानगरांतील जुन्या संस्थांना माहिती व मार्गदर्शन सुलभ असते, असेही आक्षेप घेतले जातात. ग्रामीण महाविद्यालयातील अभ्यासकापर्यंत अधिसूचना वेळेवर पोहोचली नाही, तर गुणवत्तेची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच संपते. या दृष्टीने विद्यापीठांनी निधींची माहिती, प्रस्तावलेखनाचे मार्गदर्शन व हिशेबाचे साहाय्य देणारी कायमस्वरूपी व्यवस्था ठेवणे हे वृत्तींची संख्या वाढविण्याइतकेच अगत्याचे आहे.