बैल, मातीचे

बैल, मातीचे : बेंदूर व पोळा या सणांच्या पूजेसाठी कच्च्या मातीतून हाताने घडविलेल्या लहान मूर्ती. सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत आषाढी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रीय बेंदूर येतो, रहिमतपूर (ता. कोरेगाव) याच क्षेत्रात मोडते. राज्यात अन्यत्र बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येस पोळा पाळतात.

मूर्तीसाठी ओढ्याकाठची किंवा तळ्यातील गाळाची माती वापरतात. पाणी आटल्यावर ती कुदळीने खणून, फावड्याने पाटीत भरून आणतात. खडे वेचून भिजवितात व तुडवितात. मडक्याला लागणारे चाक व थापटणे यांचे येथे काम नसते. एकाच गोळ्यातून चार पाय ओढून काढावयाचे, चिमटीने वशिंड उचलावयाचे आणि शिंगे वळवावयाची, एवढ्यात बैल उभा राहतो. तोंड नावापुरतेच असते. सारा भर वशिंड व शिंगे यांवर. माणदेशी खिलाराची मागे जाऊन वर वळलेली लांब शिंगे ज्या प्रदेशात डोळ्यांसमोर असत, तेथे हे स्वाभाविकच होय. सुकल्यावर चुन्याचा हात, गेरूचे पट्टे व क्वचित शिंगांना बेगड लावतात. बलुतेदार या नात्याने कुंभार ही जोडी घरोघर पोचवी व मोबदला धान्यात घेई.

मूर्ती भाजलेली नसल्याने ती टिकत नाही, आणि म्हणून या कलेचा इतिहास लिहिणे कठीण. आयर्लंडमधील पीटच्या दलदलीत प्राणवायूअभावी लाकूडदेखील हजारो वर्षे राहते. पीट कापताना फावड्याला लागणाऱ्या अशा काळ्या ओकवर एकोणिसाव्या शतकात तेथे कोरीव अलंकारांचा धंदाच उभा राहिला. दख्खनची काळी माती उलट पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीत कच्ची मूर्ती पुन्हा मातीच होते. इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननात घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची पेटी, मस्तकविरहित स्त्रीमूर्ती व बैल मिळाले (इ. स. पू. सु. १३००), ते अपवादानेच. त्यांचा बेंदुराशी थेट संबंध जोडण्यास मात्र आधार नाही.

ट्रॅक्टर आल्यावर अनेक गोठे रिकामे झाले. अशा घरी मातीची जोडी हीच पूजेची एकमेव जोडी उरली. बाजारात आता साच्यातून काढलेले प्लॅस्टरचे बैलही येतात. त्यांचे वशिंड सर्वांचे सारखे असते.