बारा बाय आठचं दुखणं

हिंगोली जिल्ह्यात फवारणीचा हिशेब लिटरमध्ये कुणी सांगत नाही, पंपात सांगतात. एकरी दहा-बारा पंप, पंपाला अमुक मिली औषध. पंप म्हणजे पाठीवरची 16 लिटरची टाकी. पूर्वी एका हाताने दांडा हलवायचा आणि दुसऱ्याने नळी फिरवायची. आता टाकीच्या बुडाशी मोटर आणि बॅटरी असते. दुकानात या बॅटरीला ‘बारा बाय आठ’ किंवा ‘बारा बाय बारा’ म्हणतात. पहिला आकडा व्होल्टचा, दुसरा अँपिअर-तासाचा.

सोयाबीन वीसेक दिवसांचं झालं की तणनाशकाची घाई सुटते आणि कळमनुरी, सेनगाव, वसमतच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानांपुढे पंप येऊन पडतात. तक्रार बहुधा एकच असते : रात्रभर चार्जिंग केलं, तरी दोन टाक्यांत बसला. अशाच एका दुकानाच्या बाकावर बसून मी मिस्त्रीचं काम पाहत होतो. त्याने एका काकांचा पंप आडवा केला, बुडाचं झाकण काढलं आणि बॅटरीच्या तारांची टोकं, म्हणजे लग, सोडवून मल्टिमीटर लावला. आकडा आला 12.6.

“बघा, भरलेलीच हाय की,” काका म्हणाले.

मिस्त्रीने उत्तर न देता मोटर जोडली आणि बटण दाबलं. आकडा अकरावर आला, दहावर आला, मग नऊच्या आसपास घुटमळू लागला. मोटरचा आवाज घोगरा झाला. बटण बंद करताच आकडा पुन्हा बाराच्या वर.

“काका, शेवटचं कधी मारलं होतं?”

“हरभऱ्याला, घाटेअळीचं. तवापासून काम नव्हतं, मग चार्जिंग कशाला करावं?”

दुखणं नेमकं इथे होतं. ही बॅटरी शिशाच्या पट्ट्यांची आणि गंधकाच्या आम्लाची. गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये तयार केली तीच जात. वीज खर्च होते तसा पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर बसतो. लगेच चार्जिंग लावलं तर तो विरघळतो. तसाच आठवडेच्या आठवडे राहिला तर त्याचे टणक खडे होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. नुसता मीटर लावला तर आकडा चांगला दिसतो, पण मोटर दोन-तीन अँपिअर ओढू लागली की बॅटरी मान टाकते. भाराखाली साडेदहाच्या खाली गेलेली बॅटरी रिकामी समजायची.

न वापरताही तिचं चार्जिंग झिरपत असतं. पंचवीस अंश तापमानात महिन्याला साधारण तीन टक्के, आणि दर दहा अंशांना हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडची पत्र्याची खोली किती तापते ते सांगायला नको.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. युरोपात कार्प मासे धरणारे हौशी लोक रिमोटवरची छोटी होडी तळ्यात सोडून गळाचा चारा लांब नेऊन टाकतात. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या पाण्यावर तसली होडी मला दिसलेली नाही, पण तिच्या पोटात पुष्कळदा अशीच सीलबंद बॅटरी असते आणि तीही हंगाम संपल्यावर पडून राहूनच खराब होते. त्यांचा रिकामा काळ थंडीचा असतो. आपला ऐन उन्हाळ्याचा, म्हणून आपल्याला काळजी जास्त घ्यावी लागते.

मिस्त्रीची शिस्त साधी आहे. दोनच टाक्या मारल्या तरी त्याच संध्याकाळी चार्जिंग लावायचं. मोटर दम टाकेपर्यंत पंप चालवायचा नाही. पंपासोबतचा चार्जर साधारण पावणेदोन अँपिअरचा असतो, त्यावर बारा बाय आठला सहा-आठ तास लागतात. घाई म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर जोडला तर ती तापते, फुगते. फवारणी झाल्यावर टाकीत स्वच्छ पाणी घालून पंप थोडा चालवायचा. जाळीत कचरा अडकला की पाणी नीट ओढलं जात नाही, काम लांबतं आणि चार्जिंग वाया जातं. लगवर पांढरी-हिरवी भुकटी आली तर ती पुसून पेट्रोलियम जेली लावायची. काही जण वरची टोपणं उचकटून सिरिंजने डिस्टिल्ड वॉटर सोडतात. आतून सुकलेली बॅटरी त्याने थोडे दिवस उठते, खडे धरलेली उठत नाही.

लिथियमचे पंपही आता येऊ लागलेत. त्यांचा नियम उलटा : शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, लिथियमची साधारण निम्मी. आणि एकीचा चार्जर दुसरीला लावायचा नाही.

काकांनी नवी बॅटरी घेतली आणि जुनी दुकानातच ठेवली. शिसं वितळवून पुन्हा वापरता येतं, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आम्ल नालीत ओतून नुसतं शिसं भंगारात विकणं मात्र विहिरीच्या पाण्याला आणि ते ओतणाऱ्याच्या हातांना भोवतं.

निघताना काकांनी विचारलं, रिकाम्या दिवसांत ध्यानात कसं राहावं? मिस्त्री म्हणाला, दर अमावास्येला लावायचं. घरात कुणी ना कुणी अमावास्या विसरत नाही. शिवाय फेब्रुवारी ते मे अशा चारच अमावास्या सांभाळायच्या असतात.