जागरूक नागरिक आणि ऐकणारे शासन

दहशतवादाचा प्रतिकार करावयाचा तर नागरिकांनी जागरूक असले पाहिजे, हा उपदेश प्रत्येक स्फोटानंतर कानी पडतो. उपदेश खोटा नाही. परंतु नागरिकाने जे पाहिले ते सांगावे कोणाला, आणि ऐकणाऱ्याने पुढे काय करावे, हे बहुधा अध्याहृतच राहते. मुंबईच्या बाबतीत तर समुद्राने हा प्रश्न दोनदा विचारला.

जानेवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी येथे चोरट्या मार्गाने माल उतरला. तो नेणारी वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविली. म्हणजे पहारा होता, आणि तो झोपलेलाही नव्हता! मात्र लाचेचा सौदा ठरला; रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेण्यात आल्या, आणि वाहने सुटली. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. १२ मार्चच्या स्फोटमालिकेत २५७ माणसे प्राणास मुकली. पुढे न्यायालयाने पोलीस व कस्टम खात्यांतील माणसांनाही दोषी ठरविले. येथे नागरिकांच्या जागरूकतेने काय साधले असते?

२६ नोव्हेंबर २००८ ची गोष्ट निराळी. कफ परेडनजीकच्या मच्छीमार वस्तीपाशी रबरी होडीतून उतरलेल्या दहा जणांना कोळ्यांनी हटकले होते. कोळीवाड्यात परकी होडी लागली की कोणी तरी विचारतोच. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाल्यावर उद्घोषक विष्णू झेंडे जागेवरून हलले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित वाट सांगत राहिले. सामान्य माणसांनी आपला वाटा असा उचलला. शासनाकडे तर इशारे आधीच आले होते. ते नीट हाताळले गेले नाहीत, असे राम प्रधान समितीस आढळले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हरियाणातील मानेसरहून मुंबईस पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला.

त्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली, कमांडोंची केंद्रे मुंबई, हैदराबाद आदी शहरांत आली, सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. सागरी पोलिसांसाठी १०९३ हा दूरध्वनी क्रमांक ठरला. व्यवस्था चांगली आहे. पण खबर देणाऱ्यालाच चौकीच्या बाकावर तासन् तास ताटकळत ठेवले, तर तो पुन्हा खबर देणार नाही.

जागरूकतेचाही विपर्यास होतो. शेजाऱ्याचे नाव, पोशाख वा प्रार्थनास्थळ पाहून संशय घेणे ही जागरूकता नव्हे. त्याने खऱ्या खबरीवरचाही विश्वास उडतो. पाहावयाची असते ती कृती: बेवारस पिशवी, अवेळी किनाऱ्याला लागलेली होडी, भलत्या ठिकाणी उभे ठेवलेले वाहन. गोव्याच्या वा रत्नागिरीच्या मच्छीमाराने होडीचा नोंदणी क्रमांक, रंग, दिशा आणि वेळ एवढे सांगितले, तरी पोलिसांच्या हाती तपासाचा धागा येतो.