रोहित्रातील कागदाचा घसारा

गहू-हरभऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याची गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत शिवारातील रोहित्र जळते, हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा जवळजवळ वार्षिक अनुभव झाला आहे. बोलीत ज्याला सरसकट ‘डीपी’ म्हणतात, ती बंद पडली की पंधरा-वीस विहिरींवरचे पंप एकदम मुके होतात. मग वर्गणी निघते, ट्रॅक्टर जुंपला जातो आणि पिकाचे पाणी लांबते. या घटनेकडे अपघात म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो अपघात नाही. तो वर्षानुवर्षे चाललेल्या भांडवलभक्षणाचा शेवटचा हप्ता होय.

रोहित्राचे आयुष्य तांब्या-ॲल्युमिनियमवर अवलंबून नसते, ते कागदावर अवलंबून असते. आतील वेटोळ्यांच्या तारांना विशिष्ट प्रकारचा कागद गुंडाळलेला असतो आणि ती सारी रचना खनिज तेलात बुडविलेली असते. ११ हजार व्होल्टचा दाब आणि शेजारची तार किंवा लोखंडी टाकी यांच्यामध्ये उभे असते ते एवढेच निरोधन. तेल गाळता येते, बदलता येते. कागद मात्र वेटोळे उकलल्यावाचून बदलता येत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. नव्या कागदात अशा साखळीला हजाराच्या आसपास दुवे असतात. उष्णतेने त्या तुटत जातात आणि दुवे दोनशेवर आले की कागद ठिसूळ होतो. साध्या कागदासाठी आंतरराष्ट्रीय मानकात गृहीत धरलेले प्रमाण असे की, वेटोळ्यातील सर्वांत तप्त जागेचे तापमान ९८ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर दर सहा अंशांच्या वाढीला कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे अठरा अंशांची वाढ कायम राहिली, तर आठ वर्षांची झीज एका वर्षात होते. शिवाय कागद कुजताना पाणी सुटते आणि ते पाणी कुजण्याला आणखी गती देते. बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून श्वसननळीत निळे सिलिका जेल भरलेले असते. ते गुलाबी झाले की बदलायचे, एवढेच काम; पण गुलाबी झालेले जेल तसेच राहू दिलेली रोहित्रे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही.

असा ठिसूळ कागद शांतपणे काही काळ टिकतोही. पुढे एखाद्या सायंकाळी वीज येते आणि स्वयंचलित स्विच बसविलेले सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वेटोळ्याला यांत्रिक हिसका बसतो, कागदाला तडा जातो, दोन वेढ्यांमध्ये ठिणगी पडते आणि निरोधन कोसळते. लोक त्या सायंकाळचा दिवस लक्षात ठेवतात. घसारा मात्र कित्येक हंगाम आधीपासून चालू असतो.

या घसाऱ्याची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही, आणि प्रश्नाचे मूळ येथे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात कृषिपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार होऊ लागली. पुष्कळ जोडण्या आजही विनामीटर आहेत. अश्वशक्तीवर बिल म्हटल्यावर कागदोपत्री अश्वशक्ती कमी दाखविण्याचा मोह साहजिक होता. समजा, ६३ केव्हीएच्या रोहित्रावर सोळा पंप आहेत आणि प्रत्येकी तीन अश्वशक्ती नोंदलेली आहे. एकूण ४८, रोहित्र पुरेसे. प्रत्यक्षात मोटारी पाच अश्वशक्तीच्या असतील तर बेरीज ८० वर जाते, आणि दर अश्वशक्तीला निदान एक केव्हीए तरी लागतोच. त्यात आकडे टाकणारे वेगळे. प्रवाह दीडपट झाला तर वेटोळ्यातील उष्णता सव्वादोनपट होते. नोंदवहीतील खोटी बेरीज अशी कागदाच्या साखळ्या तोडीत राहते.

शेतकऱ्याला एकट्याला दोष देणे सोपे, परंतु अन्याय्य आहे. मोठी मोटार बसविल्याने मिळणारे जादा पाणी त्याच्या एकट्याचे असते, रोहित्राची झीज सोळा जणांत वाटली जाते. आणि आपण न बसविली तर शेजारी बसविणार, हे त्याला ठाऊक असते. सामाईक कुरणाचे जे होते तेच येथे होते. वीजपुरवठा तर ठरावीक तासांतच मिळतो, त्यामुळे भार विभागून घेण्याची सवडही त्याला दिलेली नाही. दुसऱ्या बाजूने, ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलण्याचे बंधन विद्युत नियामक आयोगाने घातले, पण ते बदलण्याचे बंधन आहे, जपण्याचे नव्हे. नव्या रोहित्रावर तोच चुकीचा भार चढविला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

२०१८ साली हाती घेतलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत एका-दोन शेतकऱ्यांमागे एक लहान रोहित्र देण्याची कल्पना होती. अभियंत्यांनी तिचे समर्थन तांत्रिक हानीच्या भाषेत केले. पण तिचे खरे बळ मालकीच्या भावनेत आहे. ज्याचे रोहित्र त्यानेच ते तापविले, तर पाणीही त्याचेच बंद पडते. अर्थात, खर्च मोठा आहे आणि सर्व शिवारे अशी जोडणे नजीकच्या काळात शक्य दिसत नाही. सामाईक रोहित्रे राहणारच. तेव्हा प्रत्येक रोहित्रावर भार मोजणारा मीटर आणि तेलाच्या तापमानाची नोंद, आणि ती नोंद त्या सोळा जणांना दिसेल अशा ठिकाणी, ही तुलनेने स्वस्त गोष्ट आहे.

तिची निकड २०२४ पासून वाढली आहे. त्या वर्षी राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. मदतीचा हेतू निर्विवाद आहे. परंतु ज्याच्या विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार आहे, त्याने अर्जात किती आकडा लिहावा अशी शासनाची अपेक्षा आहे, आणि त्या आकड्यावरून कोणत्या क्षमतेचे रोहित्र निवडले जाणार आहे?