जीवाणूंतील प्रथिन-संश्लेषण : संदेशाचा प्रारंभ कोठून?

जीवाणूच्या शुष्क द्रव्यापैकी सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा असतो. अनुकूल परिस्थितीत एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू सुमारे २० मिनिटांत विभागून दोन होतो. अर्थात तेवढ्या अवधीत त्यास आपला प्रथिनसंचय दुप्पट करावा लागतो. या कार्याचा आराखडा डीएनएमध्ये असतो, परंतु डीएनए स्वतः प्रथिन घडवीत नाही. त्याच्या एखाद्या भागाची प्रत आरएनएच्या रूपाने निघते व ती रायबोसोम या कणावर वाचली जाते. अशा प्रतीस दूत-आरएनए म्हणतात.

प्रत्येक रायबोसोम एक ठराविक प्रथिनच बनवितो, असा एके काळी समज होता. ब्रेनर, झाकॉब व मेसेल्सन यांनी १९६१ साली तो खोडून काढला. विषाणूने ग्रासलेल्या जीवाणूत नवे रायबोसोम निर्माण होत नाहीत. विषाणूचा नवा आरएनए पेशीतील जुन्याच रायबोसोमांना जाऊन मिळतो, असे त्यांना आढळले. म्हणजे रायबोसोम हा कोणताही संदेश वाचणारा सामान्य वाचक होय. त्याच वर्षी नीरेनबर्ग व मथाई यांनी केवळ युरॅसिलयुक्त कृत्रिम आरएनए जीवाणूंच्या पेशीरहित अर्कात घातला, तेव्हा फक्त फिनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. पुढे हरगोविंद खुराना यांच्या संश्लेषित आरएनएंचेही साह्य होऊन १९६६ पर्यंत ६४ त्रयींचा अर्थ उलगडला. त्यांपैकी ६१ त्रयी अमिनो आम्ले दर्शवितात, तर यूएए, यूएजी व यूजीए या तीन समाप्ती दर्शवितात.

तथापि संकेत उलगडल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. संदेशात दोन त्रयींच्या मध्ये कोणतेही विरामचिन्ह नसते. ‘कमल मगर बदक’ ही अक्षरे सलग लिहून एक अक्षर सोडून वाचू लागल्यास ‘मलम गरब दक’ असे होते. पहिला शब्द योगायोगाने सार्थ वाटला तरी पुढे सर्व निरर्थक ठरते. रायबोसोमाचेही तसेच आहे. प्रारंभ एका न्यूक्लिओटाइडने चुकला तर संपूर्ण प्रथिन वाया जाते. प्रारंभाची त्रयी बहुधा एयूजी ही असते. परंतु तीच संदेशाच्या मध्यभागी मेथिओनिन हे अमिनो आम्लही दर्शविते. मग नेमकी कोणती एयूजी प्रारंभाची, हे कसे ठरते?

याचे उत्तर १९७४ साली शाइन व डालगार्नो यांनी सुचविले. जीवाणूंच्या अनेक संदेशांत प्रारंभत्रयीच्या सुमारे ५ ते ९ न्यूक्लिओटाइडे अगोदर एजीजीएजीजी या क्रमाशी मिळताजुळता भाग असतो. रायबोसोमाच्या ३०एस या लहान घटकातील १६एस आरएनएच्या टोकाशी त्यास पूरक असा क्रम आहे. दोन्ही क्रम परस्परांशी जुळले की पुढील एयूजी आपोआप योग्य स्थानी येते. त्या ठिकाणी फॉर्मिल-मेथिओनिन वाहून आणणारा विशिष्ट वाहक-आरएनए बसतो. तीन प्रारंभक प्रथिने या जुळणीस साह्य करतात व अखेरीस ५०एस हा मोठा घटक येऊन मिळतो. काही संदेशांत मात्र असा पूर्वक्रम नसतो.

या व्यवस्थेमुळे एकाच संदेशात अनेक प्रथिनांचे संकेत राहू शकतात. दुग्धशर्करेच्या विनियोगाशी संबंधित अशा लॅक ओपेरॉनच्या संदेशात तीन प्रथिनांचे संकेत असून प्रत्येकास स्वतंत्र प्रारंभस्थान असते. मानवी पेशीतील रायबोसोम सामान्यतः संदेशाच्या टोकापासून शोध घेत प्रारंभत्रयीपर्यंत पोचतो. म्हणून तेथे एका संदेशापासून बहुधा एकच प्रथिन मिळते.

प्रारंभानंतर साखळी वाढू लागते. ईएफ-टीयू हे प्रथिन वाहक-आरएनएस रायबोसोमावर आणते. त्रयी व प्रतित्रयी यांची जुळणी १६एस आरएनए पारखतो, तर अमिनो आम्लांमधील बंध मोठ्या घटकातील २३एस आरएनए घडवून आणतो. हे शेवटचे कार्य प्रथिनाचे नसून आरएनएचे आहे, हे २००० साली उपलब्ध झालेल्या स्फटिकरचनांवरून स्पष्ट झाले. नंतर ईएफ-जी संदेशास एका त्रयीने पुढे सरकविते. हा वेग सेकंदास सुमारे १५ ते २० अमिनो आम्ले इतका असतो. समाप्तित्रयी आली की मोचक प्रथिने साखळी सोडवितात. जीवाणूत केंद्रक नसल्याने डीएनएवरून प्रत निघत असतानाच तिच्यावर रायबोसोम बसतात. १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे दृश्य प्रत्यक्ष टिपले गेले.

जीवाणूंच्या व मानवाच्या रायबोसोमांतील भेद वैद्यकास उपकारक ठरला आहे. स्ट्रेप्टोमायसीन जीवाणूच्या लहान घटकास चिकटून वाचनात चुका घडविते, टेट्रासायक्लीन वाहक-आरएनएची जागा अडविते आणि क्लोरॅम्फेनिकॉल बंधनिर्मिती रोखते. परंतु हा भेद अल्प आहे. क्षयजंतूच्या एस-१२ प्रथिनात ४३ व्या स्थानी लायसीनऐवजी आर्जिनीन आले, तर त्यावर स्ट्रेप्टोमायसीन चालत नाही. उलटपक्षी, मानवी मायटोकाँड्रियांतील रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमांशी साम्य राखतात. त्यांच्या १२एस आरएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या स्थानी एक अक्षर बदललेले असल्यास ते साम्य अधिकच वाढते. अशा व्यक्तीस याच वर्गातील औषधांमुळे कायमचे बहिरेपण येऊ शकते, हे १९९३ साली दिसून आले.

सारांश, एका न्यूक्लिओटाइडचा किंवा एका अमिनो आम्लाचा फरक औषध गुणकारी, निरुपयोगी की अपायकारक हे ठरवू शकतो. नव्या प्रतिजैविकांच्या शोधात रायबोसोमाच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास अपरिहार्य का आहे, हे यावरून ध्यानात येईल.