वेलीची परीक्षा

पीक भरघोस आले की वर्ष चांगले गेले, असे आपण सहज म्हणून जातो. ज्वारी-बाजरीच्या बाबतीत ते खरेही आहे. पण उत्तम तांबड्या वाईनच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळदा उलटा पडतो. ज्या वर्षी बागाईतदाराने कपाळाला हात लावला, त्याच वर्षाच्या बाटल्या पन्नास वर्षांनी जपून उघडल्या जातात! असे का व्हावे? वाईन प्यावी की न प्यावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्याला आज फक्त शेतीतले हे कोडे उलगडायचे आहे.

उदाहरणादाखल फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो हा मुलूख घेऊ. तेथे वेल वसंतात फुटते, जूनच्या सुमारास फुलते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. १९६१ साली मेअखेरीस, ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत, थंडीने घात केला. फुले नीट फळली नाहीत. आपले बागाईतदार ज्याला ‘गळ’ म्हणतात, तीच झाली. घड थोडे, त्यांतले मणीही विरळ. त्यावर ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरात मात्र ऊन चांगले पडले. पीक आले ते अगदी थोडे. पण त्या थोड्या द्राक्षांची वाईन विसाव्या शतकातल्या श्रेष्ठ वाईनमध्ये गणली गेली. त्यांतली एक नामांकित बाग शातो लातूर. नाव ऐकून आपल्याला मराठवाडा आठवेल. संबंध मात्र काडीचा नाही.

आता यातली मेख पाहू. काळे द्राक्ष चिरडून पाहा. आतला रस बहुधा बिनरंगीच निघतो. रंग असतो सालीत. तुरटपणा देणारे टॅनिन असते सालीत आणि बियांत. म्हणून तांबडी वाईन करताना रस सालींसकट आंबवतात. एक किलो लहान बटाटे आणि एक किलो मोठे बटाटे सोलायला बसा. साले कशाची जास्त निघतील? लहानांची. द्राक्षाचेही तसेच आहे. पाण्याचा ताण बसला की मणी लहान राहतो, आणि रसाच्या मानाने साल वाढते. रंग गडद होतो, तुरटपणा भरीव होतो. हाच तुरटपणा वाईनला वर्षानुवर्षे टिकवून धरतो. शिवाय मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास बेताचा ताण पडला, तर वेल नवी पालवी काढण्याचे थांबवते आणि तिची साखर थोडक्या घडांत उतरते.

तर मग काय, हाल झाले की वाईन चांगली? छे! हाल कोणते आणि केव्हा, यावर सारे आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत याच बोर्दोत अशी गोठवणारी थंडी पडली की, बागाच्या बागा मुळापासून मेल्या. तेथे वाईनचा प्रश्नच उरला नाही. १९६३ आणि १९६५ या सालांत पाऊस आणि कूज यांनी द्राक्षांची दैना केली. ती वर्षे आजही तिकडे नाक मुरडूनच आठवली जातात. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला की मणी फुगतो, रस पातळ होतो, साल फुटते आणि बुरशी रंगच खाऊन टाकते. आरंभीचे संकट द्राक्षे कमी करते. शेवटचे संकट द्राक्षे बिघडवते. फरक आहे तो हा.

जमिनीचाही यात हात असतो. मेदोक भागातल्या खडेगोट्यांच्या जमिनीतून पाणी चटकन निचरून जाते आणि मुळे खोल जातात. त्यामुळे वेल अतिपावसातही तगते आणि अवर्षणातही. जातींचेही तसेच. मर्लो लवकर फुलते, लवकर पिकते; काबर्ने सोव्हिन्याँ उशिरा. एकीला थंडीने गाठले तर दुसरी हात देते. दोहोंचे मिश्रण करण्यामागे चवीइतकीच ही सावधगिरीही आहे. आणि शेवटी माणूस! वाईट वर्षी जाणता बागाईतदार कुजके घड कात्रीने काढून टाकतो आणि डावी वाईन मुख्य नावाखाली भरतच नाही. चांगल्या बाटलीमागे अशी पुष्कळ टाकून दिलेली द्राक्षे असतात.

ही किंमत विसरता कामा नये. बोर्दोचे पिंप २२५ लिटरांचे; त्यात सुमारे ३०० बाटल्या होतात. समजा, तीन पिंपांच्या जागी एकच भरले. नावाजलेल्या बागेला चढा भाव मिळून तूट भरून निघेल. पण मापावर माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याने काय करावे? एप्रिल २०१७ मध्ये तिथे कोवळे कोंब गोठून गेले, तेव्हा कित्येकांच्या हाती काहीच लागले नाही. फुलोऱ्यात अवकाळी पावसाने गाठलेल्या नाशिकच्या बागाईतदाराला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

अवघड वर्ष वाईनला कधी कधी मानवते. ते पिकवणाऱ्यालाही मानवतेच, असे मात्र नाही. म्हणून जुन्या बाटलीवरचे साल वाचताना तिच्या चवीबरोबर त्या वर्षीच्या आभाळाकडे लागलेल्या डोळ्यांचीही आठवण ठेवावी.